तुलनेची शाळा

"नाव लिहायचं नाही," पुण्याहून आलेल्या बाई म्हणाल्या. "शाळा लिहा, इयत्ता लिहा आणि शेजारणीचं बघू नका."

नाव न लिहिता पेपर द्यायचा, ही गोष्ट मला तिथेच खटकली. मी नववीत होते आणि दरवर्षी वर्गात पहिली येत होते. पेपरवर नावच नसेल तर पहिलं कोण आलं हे कळणार कसं?

पेपर छापील होता. एकाखाली एक वाक्यं होती आणि प्रत्येकापुढे तीन चौकोन: बरोबर, चूक, माहीत नाही. पाळीच्या दिवसांत लोणच्याला हात लावला तर लोणचं नासतं. मुलगा होणार की मुलगी, हे आईवर अवलंबून असतं. एड्स झालेल्या माणसाच्या ताटात जेवलं तर तो रोग आपल्याला होतो. नको असलेला स्पर्श कुणी केला तर त्यात आपलीही थोडी चूक असते.

लोणच्यापुढे मी 'बरोबर' वर खूण केली. आमच्या घरी बरणीला शिवायची सोय नव्हती, तेव्हा शंकाच नव्हती. बाकीच्यांपुढे पेन अडायला लागलं. शेवटच्या वाक्यापुढे मी 'माहीत नाही' वर खूण केली. तोपर्यंत कुठल्याही पेपरात मला असं लिहावं लागलं नव्हतं.

पेपर गोळा करून झाल्यावर मी उभी राहिले. "बाई, उत्तरं कधी सांगणार?"

बाईंनी गठ्ठा पिशवीत घातला. "तुम्हाला नाही सांगायची," त्या म्हणाल्या.

तोच पेपर त्या दिवशी रस्त्यापलीकडच्या हायस्कुलातही झाला. कोल्हापूरच्या दक्षिणेला असलेल्या आमच्या तालुक्याच्या गावात दोन शाळा होत्या, मुलींची कन्याशाळा आणि मुलामुलींचं हायस्कूल. मध्ये एकच रस्ता होता, त्यावरून हंगामात उसाच्या ट्रॉल्या जायच्या. कबड्डी, वक्तृत्व, दहावीचा निकाल, सगळ्यात दोन्ही शाळा एकमेकींना पाण्यात पाहायच्या. पण पुढच्या शनिवारपासून हायस्कूलच्या फाटकात एक पांढरी जीप येऊन थांबायला लागली. तिच्यातून एक उंच बाई उतरायच्या, हातात कापडी पिशवी आणि कुलूप लावलेली पत्र्याची पेटी. नववीच्या मुलींचा वर्ग त्या घ्यायच्या आणि त्यांच्यासोबतचे एक सर मुलांचा. आमच्या खिडकीतून वर्गाचं दार दिसायचं. ते आतून बंद असायचं आणि मधूनच आतून हसू फुटायचं.

मी मुख्याध्यापिका इनामदार बाईंना विचारलं, "आपल्याकडे कधी येणार?"

"आपली शाळा तुलनेसाठी आहे," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे त्यांना शिकवणार, आपल्याला नाही. शेवटी दोघांची परीक्षा घेणार. त्यांचा फायदा झालाय असं दिसलं तर पुढच्या वर्षी तालुक्यातल्या सगळ्या शाळांना मिळेल. आणि असलं काही आपल्याला नाही मिळालं तरी बिघडत नाही. आपल्या मुलींना वळण आहे."

मला वळण नको होतं. मला तो वर्ग हवा होता.

हायस्कूलच्या नववीत माझी चुलतबहीण होती, सुचिता. आम्ही एकाच घरात राहत होतो, स्वयंपाक एकत्र होता. ती माझ्याहून काही महिन्यांनी लहान. कन्याशाळेत मार्कांवर प्रवेश मिळायचा, सुचीला तो मिळाला नव्हता. मी तिला गणित समजावत असे आणि समजावताना उसासे टाकत असे. आमचं नातं एवढंच होतं आणि मला ते सोयीचं होतं.

पहिल्या शनिवारी ती घरी आली तेव्हा मी दारातच उभी होते.

"काय शिकवलं?"

"पुष्कळ," ती म्हणाली आणि चप्पल काढून आत गेली.

मी मागोमाग गेले. "सांग की."

"वर्गातलं वर्गात ठेवायचं असं ठरलंय आमचं."

"तुमचं म्हणजे कुणाचं?"

"आमचं. तस्नीमताईचं आणि आमचं."

पहिल्याच दिवशी ती 'ताई' झाली होती. मला आमच्या कुठल्याही बाईंना ताई म्हणायची मुभा नव्हती.

पुढचे शनिवार असेच गेले. सुची बदलत होती. ती हळू बोलायची नाही, पोट दुखत असलं तर "पाळी आलीय" असं सरळ म्हणायची, माझे वडील पलीकडच्या खोलीत असले तरी. एकदा हायस्कुलात आयांची सभा झाली. काकू गेली, माझ्या आईला कुणी बोलावलं नव्हतं. त्याच महिन्यात, त्याच दिवसांत, सुचीने सगळ्यांसमोर बरणी उघडली, लोणच्याची फोड काढली आणि ताटात घेतली. माझ्या आईचा हात पोळपाटावर थांबला. काकू म्हणाली, "असू दे वहिनी, बघू तरी."

बरणी नासली नाही. पण मी हात पुढे केला तेव्हा आई म्हणाली, "तुझं राहू दे."

एका घरात एकच बरणी होती. तिला सुचीचा हात चालत होता, माझा चालत नव्हता. त्या रात्री मी जेवले नाही आणि का ते कुणाला सांगितलंही नाही.

दसऱ्यानंतर शेतातून शेंगा आल्या. दुपारी आम्ही दोघी सोप्यात शेंगा फोडत बसलो होतो, घरात कुणी नव्हतं. मी म्हणाले, "सुची, मला शिकव. तुझी गणितं मी करून देतो वर्षभर." आमच्याकडे मुलीही 'येतो, जातो'च म्हणतात.

"गणितं मी करतो की आता. ताई म्हणती, येत नसलं तर विचारायचं, लाजायचं नाही. मी सरांनाच विचारतो."

"मग काय पाहिजे तुला?"

ती शेंग दाताखाली फोडत विचार करत राहिली. "मला ताई म्हण."

"लहान आहेस तू माझ्यापेक्षा."

"मग राहू दे."

शेंगांचा ढीग निम्मा झाला. तिला घाई नव्हती.

"ताई," मी म्हणाले.

"काय म्हणालीस?"

"ऐकलंयस तू."

"असं न्हाई. नीट. 'ताई, मला शिकव.'"

"ताई, मला शिकव," मी म्हणाले, आणि मनात म्हटलं, दुसऱ्या परीक्षेत बघतो तुला.

सुचीने शिकवलं. माझ्या अपेक्षेहून चांगलं शिकवलं, याचाही मला राग आला. तिने शेंगांच्या टरफलांनी गर्भाशयाचं चित्र मांडलं. मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं हे तिने शेंगदाण्यांच्या दोन रंगांनी दाखवलं. मग नको असलेल्या स्पर्शाचं आलं तेव्हा तिने टरफलं बाजूला सारली.

"यात ताईने एकच वाक्य पाठ करून घेतलंय. 'चूक करणाऱ्याची असते, माझी नाही.' म्हण."

"कळलं की. पाठ कशाला?"

"ताई म्हणती, कळलेलं ऐन वेळी विसरतं. पाठ केलेलं विसरत न्हाई. म्हण."

मी म्हणाले.

"आता मोठ्यानं."

दर शनिवारी तिचा वर्ग आणि रविवारी दुपारी माझा, असं सुरू झालं. सोमवारी माझा स्वतःचा वर्ग भरायचा, कन्याशाळेत, पीटीच्या तासाला, पाण्याच्या टाकीमागे. वर्गातलं वर्गात ठेवायची अट मला कुणी घातली नव्हती. सुरुवातीला चौघीजणी होत्या, दिवाळीनंतर जवळजवळ सगळा वर्ग येऊन बसायला लागला. सुचीपेक्षा मी कडक होते. शेवटी प्रत्येकीला प्रश्न विचारायची, चुकलं की उभं करायची. मुलींनी मला आपण होऊन ताई म्हणावं असं मला फार वाटत होतं. एकीनेही म्हटलं नाही. "वृषाली, तू म्हणजे इनामदार बाई झालीस," असं मात्र म्हणाल्या.

छाया शेवटी बसायची. तिची आई सरकारी दवाखान्यात आया होती आणि रात्रपाळीला जायची. छाया कधी बोलत नसे. 'नाही म्हणायचं, तिथून निघायचं, विश्वासाच्या माणसाला सांगायचं,' हे मी ज्या दिवशी घोकून घेतलं, त्या दिवशी घंटा झाल्यावरही ती बसून राहिली.

"आणि माणूस घरातलाच असला तर?" तिने विचारलं.

"तर काय?"

"तर निघून जायचं कुठं? आणि घरातली सगळी त्याच्याच शब्दात असली, तर सांगायचं कुणाला?"

ती माझ्याकडे बघत नव्हती, टाकीच्या नळाकडे बघत होती. तिच्या घरी मावशीचा नवरा वर्षभर राहायला होता, हे मला माहीत होतं. घरभाडं तो देत होता, हेही माहीत होतं, गाव लहान.

"विचारून सांगतो," मी म्हणाले.

रविवारी मी सुचीला विचारलं. तिचा चेहरा गंभीर झाला. "कुणी विचारलं?"

"असंच एकीनं."

"हे माझ्याकडून सांगायचं न्हाई, वृषे. ताईने पहिल्याच दिवशी सांगितलंय. असलं कुणाचं कळलं तर मुलीला थेट ताईकडे आणायचं, आपण मधे शहाणपणा करायचा न्हाई. ताई पुढं कुणाकुणाला भेटती, काय काय करती, ते तिला माहीत."

"ताई आमच्या शाळेत येत नाही."

"पुढच्या वर्षी येईल की. परीक्षा तर होऊ दे."

मी छायाला तसंच सांगितलं. "पुढच्या वर्षी तस्नीमताई आपल्याकडे येणार आहे. तिला सांग."

"पुढच्या वर्षी," छाया म्हणाली. तिने वाद घातला नाही.

जानेवारीत त्याच पुण्याच्या बाई तोच पेपर घेऊन आल्या. यावेळी कुणाचं पेन अडलं नाही. लवकर संपवून आम्ही एकमेकींकडे बघून हसत होतो. मला फक्त एकच इच्छा होती, हायस्कूलच्या वर जायचं.

महिन्याभराने इनामदार बाई पंचायत समितीतल्या बैठकीला जाऊन आल्या आणि दुसऱ्या दिवशी परिपाठाला माइकसमोर उभ्या राहिल्या. "मुलींनो, रस्त्यापलीकडे सगळं सत्र जीप येत होती. तक्ते आले, पेट्या आल्या, सभा झाल्या. आपल्याकडे काही आलं नाही. आणि तरीही दुसऱ्या परीक्षेत दोन्ही शाळांना सारखेच गुण आहेत. सारखेच. सभापतींनी उठून आपलं अभिनंदन केलं. मी त्यांना सांगितलं, आमच्या मुलींना हे वेगळं शिकवावं लागत नाही."

टाळ्या झाल्या. मी सगळ्यात जोरात वाजवल्या. मागे वळून पाहिलं तर छायाही वाजवत होती.

घरी सुची सोप्यात बसली होती, पुढ्यात काही काम नव्हतं.

"बरोबरी झाली," मी म्हणाले. "तुम्ही जीप घेऊन आणि आम्ही जीपशिवाय."

"ताई येणार न्हाई आता," ती म्हणाली.

"आमच्याकडे?"

"कुणाकडंच. बैठकीत ते म्हणाले, शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या पोरींत काही फरक न्हाई, मग खर्च कशाला. येत्या शनिवारी सामान न्यायला येणार, तेवढंच."

मला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा आधी छायाचे टाळ्या वाजवणारे हात आठवले.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेले. "बाई, न शिकवता गुण मिळाले असं नाही. मी शिकवलं सगळ्यांना."

बाई चष्म्यावरून बघत राहिल्या. "तुला कुणी शिकवलं?"

"सुचितानं. माझी चुलतबहीण. हायस्कुलातली."

"बस."

मी बसले नाही. "बाई, तुम्ही त्यांना सांगा. म्हणजे फरक नाही असं होणार नाही. मग पुढच्या वर्षी त्या येतील."

"वृषाली, सभापतींनी सगळ्यांसमोर माझा सत्कार केला. हायस्कूलचे मुख्याध्यापक, चौगुले सर, तिथे खाली मान घालून बसले होते. सात वर्षं दहावीच्या निकालाला तो माणूस मला हिणवतोय. आता मी परत जाऊन सांगू, की आमच्या मुलींना चौगुले सरांच्या शाळेने शिकवलं?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "तूच सांग. तुझ्या बहिणीने तुला शिकवलं, हे तू वर्गात सांगितलंस कधी?"

मी सांगितलं नव्हतं. पाण्याच्या टाकीमागे सुचीचं नाव मी एकदाही घेतलं नव्हतं. बाईंना ते माझ्या तोंडावरून कळलं असावं. त्यांनी पुढ्यातलं पुस्तक उघडलं.

पुढे वर्तमानपत्रात काम करताना असल्या मोजणीच्या बातम्या मी पुष्कळ लिहिल्या. शिकवलेली शाळा आणि तुलनेची शाळा एकमेकींपासून लांब निवडतात, तालुका बदलून निवडतात, हे मला तेव्हा कळलं. आमच्या गावात त्यांनी समोरासमोरच्या निवडल्या होत्या, कारण एकाच फेरीत दोन्हीकडचे पेपर होत होते.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी छायाला म्हटलं, "चल."

"कुठं?"

"पलीकडं."

"आपण कन्याशाळेच्या. आत घेतील का?"

"चल तर."

उसाच्या ट्रॉल्या जाईपर्यंत आम्ही रस्त्याच्या कडेला थांबलो. छायाने माझी बाही धरली होती. फाटकात सुची उभी होती. एकीला ताईकडे आणतो असं मी तिला सांगून ठेवलं होतं, पण कोण ते सांगितलं नव्हतं. तिने छायाकडे पाहिलं आणि आम्हाला सरळ त्या वर्गाकडे घेऊन गेली.

तस्नीमताई तक्ते गुंडाळत होत्या. जवळून त्या माझ्या कल्पनेपेक्षा साध्या होत्या, कपाळावर घाम, दुपट्टा खांद्याला बांधलेला. सुची त्यांच्या कानाशी काहीतरी बोलली. त्यांनी तक्ता खाली ठेवला.

"ये गं बाळ," त्या छायाला म्हणाल्या. मग आमच्याकडे वळल्या. "तुम्ही दोघी बाहेर बसा."

दार बंद झालं. ज्या दाराकडे मी सगळं सत्र खिडकीतून बघत होते, त्याच्या मी आता अगदी जवळ होते, आणि तरी बाहेरच होते. आत छाया होती. ती कशासाठी आत गेली आहे ते मला ठाऊक होतं, आणि तरी माझ्या मनात आलं, की हिला आत घेतलं. हे मी सुचीला सांगितलं नाही. आम्ही पायरीवर बसलो.

बऱ्याच वेळाने तस्नीमताई एकट्या बाहेर आल्या आणि आमच्यामध्ये पायरीवर टेकल्या.

"ती तोंड धुतीय," त्या म्हणाल्या. "असं कुणी माझ्याकडं आलं की त्या मुलीला आधी एकच पटवावं लागतं, की चूक तिची नाही. त्यातच दिवस जातात. ही आत आली आणि म्हणाली, 'चूक करणाऱ्याची असते, माझी नाही. पुढं काय करायचं ते सांगा.'" त्यांनी कपाळ पुसलं. "ते वाक्य माझं आहे. कन्याशाळेत कसं पोचलं?"

"मी शिकवलं," मी म्हणाले.

"तू?"

"अख्ख्या वर्गाला. सगळं. पाण्याच्या टाकीमागे."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग हसायला लागल्या, पण ते हसू फार टिकलं नाही. "आणि आम्ही त्या बैठकीत कारणं शोधत बसलो. कुणी म्हणालं टीव्ही, कुणी म्हणालं संस्कार."

"तुम्ही सांगा ना त्यांना. मी पण येतो सांगायला."

"सांगेन. पण आता त्यांचं मोजून झालंय." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "चांगलं शिकवलंस."

मी सुचीकडे पाहिलं. आता ती बोलणार, याची मला खात्री होती. शेंगा, टरफलं, 'ताई, मला शिकव', सगळं आता बाहेर येणार आणि तो हात माझ्या डोक्यावरून उचलून तिच्या डोक्यावर जाणार. सुची चपलेचा अंगठा बोटाने दाबून बसवत राहिली.

छाया बाहेर आली. तस्नीमताई म्हणाल्या, "आपण आधी आईकडे जाऊ. दवाखान्यात. मी बोलेन, तू नुसती बस." त्यांनी पेटी आणि तक्ते जीपमध्ये मागच्या बाजूला टाकले आणि छायाला पुढच्या सीटवर, स्वतःच्या शेजारी बसवलं. ती सीट मी सगळं सत्र बघितली होती.

जीप गेली. छाया परत कन्याशाळेत आली नाही. पुढच्या आठवड्यात तिची आई तिला घेऊन जयसिंगपूरला भावाकडे राहायला गेली, छायाने दहावी तिकडे केली. तस्नीमताई परत कधी आमच्या गावात आल्या नाहीत. पुढच्या वर्षी नववीला कुणीच काही शिकवलं नाही, दोन्ही शाळांत.

त्या दुपारी आम्ही दोघी चालत घरी निघालो. बाजाराचं वळण आलं.

"तू का बोलली नाहीस?" मी विचारलं.

"काय?"

"की मला तू शिकवलंस."

"मला कुणी शिकवलं ते तिला माहीत आहे की," सुची म्हणाली, आणि पुढे चालायला लागली, जणू एवढ्याने बोलणं संपलं होतं. तिच्यापुरतं ते संपलंही होतं. तिच्याजवळचं पुष्कळ काही मी घेतलं होतं, पण हे कसं घ्यायचं ते मला कळेना.

ती बरीच पुढे गेली होती. मी हाक मारली.

"ताई."

सुचीने माझ्याकडे पाहिलंच नाही. ती वळून रस्त्याकडे बघायला लागली, जीप परत आली की काय म्हणून.